मदत हवी आहे : चित्ररथाच्या १४ आयडिया झाल्यात, आता निवडायची कशी ओ?

नमस्कार मंडळी, मी वडगाव बेळगावची. आपल्याकडं वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते ते तुम्हाला माहीतच आहे, यंदा आमच्या गल्लीच्या चित्ररथाचं डिझाईन माझ्याकडं आलंय. मागच्या वेळी पहिलीच आयडिया धरून बसलो, किल्ल्याचा बुरूज एवढा उंच केला की वायरीखालनं जाईना, ऐनवेळी वरचा भाग कापावा लागला, लई वाईट वाटलं. म्हणून यंदा ठरवलं, आधी भरपूर आयडिया कागदावर काढायच्या, कुणाचीच मोडायची नाही. तर १४ झाल्या. आग्र्याहून सुटका, प्रतापगड, राज्याभिषेक, आरमार. आरमार मला सगळ्यात आवडतंय, कारण ट्रॅक्टरची ट्रॉली लांबट असते, गलबत तिच्यावर आपसूक बसतं आणि उंचीपण शिडापुरतीच.

पण पोरं आपापल्या आयडियाला चिकटल्यात. सगळ्यांचं थोडं थोडं घेऊन एकच करूया म्हणालेत, मला ते पटत नाही, रात्री लायटीत लांबून बघणाऱ्याला एकच प्रसंग कळायला पाहिजे.

पुठ्ठ्याची छोटी मॉडेलं करून बघावी म्हणतेय. किती करावी, दोन का चार? आणि कुठल्या टप्प्याला नवीन आयडिया घेणं बंद करायचं? कुणी केलं असेल तर सांगा ना प्लीज.