फॅन मंडळींच्या जगातली सिंड्रेला: भाचीसाठी एकच पुस्तक सुचवा

जुनंदप्तर:
भाची पंधरा वर्षांची. दिवसभर कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेश करणं) नाहीतर फॅनफिक (त्याच पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा). परीकथा 'बाळबोध' म्हणून सोडल्या होत्या, पण परवा म्हणाली, मामा, सिंड्रेला फॅन कन्व्हेन्शनला, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्याला, गेली असती तर? असं काही लिहिलं गेलंय का? इंग्रजी चालेल. अट एकच: मालिका नको. दुसऱ्या भागाच्या पुढे ती आजवर गेलेली नाही.

रात्रीचे_बारा:
डोळे मिटून 'गीकरेला' घ्या. अ‍ॅश्ली पोस्टन, २०१७. एल नावाची मुलगी 'स्टारफील्ड' या जुन्या साय-फाय मालिकेची वेडी, ब्लॉग चालवते. राजपुत्र म्हणजे त्यावरच्या नव्या सिनेमाचा हीरो, आणि ही ब्लॉगवर त्यालाच झोडपते! भोपळा म्हणजे फूड ट्रक. चुकीच्या नंबरवर गेलेल्या मेसेजमधून दोघं बोलायला लागतात, तो भाग सगळ्यात गोड. मी एका रात्रीत संपवलं, सकाळी पेपर होता. निकाल विचारू नये.

भोपळा_क्र_२:
+१. पण एकच कशाला? 'द प्रिन्सेस अँड द फॅनगर्ल' (२०१९) आणि 'बुकिश अँड द बीस्ट' (२०२०) पण घ्या. माझ्याकडे तिन्ही आहेत, कपाटात ओळीने काय दिसतात!

जुनंदप्तर:
मालिका नको म्हटलं होतं हो.

भोपळा_क्र_२:
ही तशी मालिका नाही. जग तेच, जोडी दरवेळी नवी.

खडूस_वाचक:
अवांतर: दुसरा भाग परीकथेवर नाहीच. नटी आणि चाहती जागा बदलतात, म्हणजे मार्क ट्वेनची १८८१ची कादंबरी, 'द प्रिन्स अँड द पॉपर'. उगाच परीकथा म्हणून खपवू नका.

भोपळा_क्र_२:
लेखकाचं नाव माहीत असलं की परीकथा बाद? मग 'ब्यूटी अँड द बीस्ट'सुद्धा बाद करा. तीही १७४० साली व्हिलनव्ह नावाच्या बाईंनी लिहून छापली होती.

काचेची_टाच:
पुस्तकाचं काहीही करा, पोरीला काचेचे बूट करू देऊ नका. मी केले होते. जुन्या सँडलवर पारदर्शक प्लास्टिक, ग्लू गनने चिकटवलेलं. रांगेत तासभर उभी होते, उन्हात गोंद मऊ पडला आणि डावी टाच वाटेवरच राहिली. राजपुत्र सोडा, झाडूवालासुद्धा ती घेऊन मागे आला नाही. तसेही मूळ कथेत बूट फरचे होते, भाषांतरात काच झाली.

खडूस_वाचक:
ही लोणकढी किती वर्षं फिरणार? सिंड्रेला लिहिणाऱ्या पेरोच्या १६९७च्या फ्रेंच शीर्षकातच 'व्हेर' आहे, म्हणजे काच. भाषांतराचा संबंध येतोच कुठे?

काचेची_टाच:
बरं. माझी टाच तरी खरी होती.

मूळच_वाचा:
हल्लीचं सगळं पाणचट. ग्रिम बंधूंची सिंड्रेला द्या, १८१२. एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच. पंधराव्या वर्षी हेच आवडतं, अनुभवाने सांगतो.

रात्रीचे_बारा:
त्यात कन्व्हेन्शन कुठे आहे?

अर्धवट_कथा:
'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' ही फॅनफिकची साइट कोणीच कशी सांगितली नाही? परीकथांवर ढिगाने फॅनफिक आहे, तेही फुकट. मात्र वय पंधरा म्हणताय, तर आधी रेटिंग आणि टॅग बघा, आणि 'पूर्ण झालेल्या' हा फिल्टर लावाच. मी न लावता एक वाचायला घेतली. चार वर्षं झाली, सिंड्रेला अजून प्रवेशाच्या बिल्ल्यासाठी रांगेत उभी आहे.

रात्रीचे_बारा:
म्हणून म्हणतेय, 'गीकरेला'.

भोपळा_क्र_२:
म्हणून म्हणतोय, तिन्ही.

जुनंदप्तर:
सगळ्यांचे आभार. धागा भाचीलाच दाखवला. तिने थेट तिसरा भाग मागितला. त्यातल्या मुलीच्या हातून एका घरातलं दुर्मिळ पुस्तक खराब होतं आणि भरपाई म्हणून तिला त्या घरातल्या पुस्तकांचं काम करावं लागतं, हे तिने कुठूनतरी शोधून काढलं. गेल्या महिन्यात माझ्या जुन्या शब्दकोशावर हिनेच पाणी सांडलंय. 'क' ते 'ग' अजून एकमेकांना चिकटलेले आहेत.

रात्रीचे_बारा:
पहिला न वाचता तिसरा?? अहो मामा, समजवा तिला.

जुनंदप्तर:
समजवून पाहिलं. म्हणते, मग माझ्या वाटचा शब्दकोश तुम्हीच वाळवा.