अथीना–पोसायडनचं भांडण : दोघं नुसती शस्त्रं उगारून उभी दिसतात, चित्र सुधारायचं कसं?

रंगपेटी

५० × ७० सेंमीचं उभं डिजिटल पोस्टर करते आहे. विषय आहे ग्रीक पुराणकथेतला: अथेन्स शहर कोणाचं यावरून बुद्धी आणि युद्धाची देवी अथीना आणि समुद्राचा देव पोसायडन यांच्यात झालेलं भांडण. डावीकडे अथीना भाला घेऊन, उजवीकडे पोसायडन त्रिशूळ घेऊन. मधोमध दोन्ही शस्त्रं एकमेकांवर आदळली आहेत, मागे वीज आणि खवळलेला समुद्र. रंगकाम निम्म्यावर आलं आहे, पण चित्र जमलेलं नाही.

चित्र बघणाऱ्याला दोन योद्धे लढताहेत एवढंच कळतं. कोण, कशासाठी, ते कळत नाही. दोघांचं वजन सारखं असल्यामुळे नजर कुठेच ठरत नाही. पोसायडन अवाढव्य वाटायला हवा, तर तो गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला साधा माणूस दिसतो. शिवाय चाचणी प्रिंटमध्ये समुद्राचा निळा जांभळट आणि मळका आला. फाइलमध्ये ४० च्या वर लेअर (एकावर एक रचलेले चित्राचे थर) झाल्यामुळे ब्रश अडखळत चालतो. कुठून सुरुवात करू?

कुंचला

रंगकाम थांबवा आणि आधी प्रसंग ठरवा. मूळ दोष तिथे आहे.

या भांडणात अथीना आणि पोसायडन एकमेकांवर शस्त्र उगारतच नाहीत. पोसायडन ॲक्रोपोलिसच्या, म्हणजे अथेन्सच्या टेकडीवरच्या किल्ल्याच्या, खडकावर त्रिशूळ मारतो आणि खारं पाणी उसळतं. अथीना ऑलिव्हचं झाड लावते. अपोलोडोरसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात निवाडा बारा देव करतात, अथेन्सचा पुराणातला राजा केक्रॉप्स साक्ष देतो आणि शहर अथीनाला मिळतं. मग चिडलेला पोसायडन थ्रिया भागातलं मैदान पाण्याखाली घालतो. म्हणजे चित्रासाठी तीन वेगवेगळे क्षण आहेत: त्रिशुळाचा घाव, निवाडा, आणि पूर. तुमच्या चित्रात यातला एकही नाही. ज्याच्यावरून भांडण झालं ते शहर, तो खडक, ते झाड, काहीच दिसत नाही. मग बघणाऱ्याला कारण कळणार कसं?

देवादेवांची खरी हाणामारीच रंगवायची असेल तर प्रसंग बदला. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या एकविसाव्या सर्गात हवं तेवढं सापडेल. शेताची हद्द म्हणून पुरलेला काळा, खडबडीत दगड अथीना उचलते आणि युद्धदेव आरेसच्या मानेवर हाणते. तो पडतो तेव्हा सात पेलेथ्रा जमीन व्यापतो (एक पेलेथ्रॉन म्हणजे साधारण ३० मीटर). देवांची राणी हेरा एका हाताने शिकारीची देवी आर्टेमिसची दोन्ही मनगटं धरते, दुसऱ्या हाताने तिच्या खांद्यावरचं धनुष्य ओढून घेते आणि त्यानेच तिच्या कानशिलात मारते. बाण भात्यातून जमिनीवर सांडतात. अग्निदेव हेफेस्टसची आग आणि झँथस नदीचं पाणी यांची झुंजही तिथलीच. काठावरची झाडं पेटलेली आणि पाण्यात मासे तळमळणारे, यापेक्षा चित्रासारखं काय हवं?

अथेन्सचंच भांडण ठेवायचं असेल तर पार्थेनॉनच्या (ॲक्रोपोलिसवरच्या अथीनाच्या मंदिराच्या) पश्चिमेकडच्या त्रिकोणी शिखरपट्टीची मांडणी अभ्यासा. ती शिल्पं इ.स.पू. ४३८ ते ४३२ मधली. १६८७ च्या स्फोटात पार्थेनॉन उद्ध्वस्त झालं, पण १६७४ मध्ये काढलेली रेखाटनं शिल्लक आहेत (ती जाक कॅरे याची मानली जातात). त्यात अथीना डावीकडे, पोसायडन उजवीकडे, आणि दोघं मध्यापासून मागे झेपावलेली आहेत. धडं बाहेरच्या बाजूला कलतात आणि मधे इंग्रजी 'व्ही'सारखी मोकळी जागा उरते. सगळा ताण त्या मोकळ्या जागेत आहे. तुमच्या चित्रात नेमकी तीच जागा दोन काठ्यांच्या फुलीने बुजली आहे. मधोमध फुली आली की चित्राचं मानचिन्ह होतं, हालचाल मरते.

करून बघा: ४०० × ५६० पिक्सेलची १२ छोटी कच्ची चित्रं, प्रत्येकाला पाच मिनिटं, फक्त तीन छटा, रेषा अजिबात नाही. धडाचा कल २० ते २५ अंश बाहेर, मान मात्र आत वळलेली. भाला जवळजवळ उभा आणि त्रिशूळ तिरपा ठेवा, म्हणजे दोन्ही कोन सारखे पडत नाहीत. आणि वीज काढून टाका. ती देवांचा राजा झ्यूस याची. तो चित्रात नसताना वीज ठेवली की उजवीकडचा दाढीवाला झ्यूस वाटायला लागतो.

तळरेघ

कुंचला यांच्या शेवटच्या मुद्द्याला एक पुरावा जोडतो. आर्टेमिसिऑन भूशिराजवळच्या समुद्रातून १९२६ ते २८ च्या दरम्यान वर काढलेला २.०९ मीटर उंचीचा कांस्य पुतळा अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. हात उगारलेला, पण हातातलं शस्त्र हरवलेलं. तो झ्यूस की पोसायडन, यावर अजून वाद आहे. शस्त्राशिवाय दोघांत फरक करणं इतकं अवघड असतं. म्हणून पोसायडनला एकापेक्षा जास्त खुणा द्या: त्रिशूळ, घोडे, ओले केस. होमर त्याला काळ्या केसांचा म्हणतो, तेव्हा पांढरी दाढी सोडून द्या. काळ्या दाढीमुळे छटांचा प्रश्नही सुटतो, ते पुढे सांगतो. त्रिशूळ काढताना हात आपसूक शंकराच्या त्रिशुळाकडे वळतो, बाहेर वाकलेली रुंद पाती येतात. ग्रीक त्रिशूळ हे मुळात मोठे मासे मारायचं हत्यार. तीन सरळ, बारीक दाते आणि टोकाला उलटे काटे असे काढा.

अथीनाचा पेप्लॉस (ग्रीक स्त्रियांचा पोशाख) म्हणजे लोकरीचं एक मोठं आयताकृती कापड. वरचा भाग बाहेर दुमडायचा, दोन्ही खांद्यांवर टाचण्या लावायच्या आणि दुमडलेल्या भागावरून पट्टा बांधायचा. चुण्यांचा उगम फक्त दोन ठिकाणी असतो, खांद्यावरची टाचणी आणि कमरेचा पट्टा. बाकी कुठूनही चुणी सुरू झाली की कापड खोटं दिसतं. इ.स.पू. पाचव्या शतकातले शिल्पकार एक नियम पाळत: ज्या पायावर भार, त्यावर निऱ्या खांबाच्या पन्हळींसारख्या सरळ खाली पडतात. जो पाय वाकलेला, त्याच्या मांडीला आणि गुडघ्याला कापड चिकटतं. एवढं पाळलं तरी देवी जमिनीवर घट्ट उभी राहते. छातीवर एजिस, म्हणजे तिचं खास छातीवरचं आच्छादन, हवीच: खवल्यांची, काठाला साप आणि मधे सापांचे केस असलेल्या मेदूसा राक्षसीचं मुंडकं. शिरस्त्राण कपाळावर मागे सरकवलेलं ठेवलंत तर चेहरा मोकळा राहतो. स्नायूंच्या आकाराचं रोमन चिलखत आणि आडवा लाल तुरा टाळा. पांढऱ्याशुभ्र संगमरवरी देवांचाही मोह नको, ही शिल्पं रंगवलेली असत. पार्थेनॉनवरच्या आयरिस या देवदूतीच्या मूर्तीवर कमरपट्ट्याच्या जागी इजिप्शियन निळ्या रंगाचे अंश सापडले आहेत.

आता पोसायडनचा आकार. नुसता कॅनव्हासवर मोठा काढल्याने माणूस राक्षसी होत नाही, तो क्षितिजरेषेमुळे होतो. बघणारा त्याच जमिनीवर उभा असेल तर क्षितिज त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १.६ मीटरवर, प्रत्येक आकृतीला छेदतं. ते देवाच्या गुडघ्यावर आलं तर देव साधारण साडेपाच ते सहा मीटरचा होतो. घोट्यावर आलं तर घोटा उंचीच्या विसाव्या भागावर धरून ३० मीटरच्या पुढे जातो. तुमचं क्षितिज बहुतेक छातीच्या आसपास असणार, म्हणून तो माणसाएवढा दिसतो.

दुसरं कारण थेंब. मुठीएवढे थेंब काढले की शेजारचा देव खेळण्याएवढा होतो. दर शंभर थेंबांत ८० अगदी बारीक, १५ मध्यम, ५ मोठे असं प्रमाण ठेवा आणि बारीक थेंब लांबून धुक्यासारखे एकजीव होऊ द्या. डोक्याचं मापही बदला: अथीना आठ डोक्यांची, पोसायडन साडेआठ ते नऊ डोक्यांचा. दोघांना सारखंच माप दिलं की फरक संपला.

रंगपेटी

क्षितिज खरंच छातीवर होतं! ते घोट्यापर्यंत खाली घेतलं आणि चित्र एकदम बदललं. त्रिशुळाच्या घावाचा क्षण पक्का करते. पण शस्त्रं एकमेकांना भिडणारच नसतील आणि मधे नुसतं झाड असेल, तर दोघांमधलं वैर दिसणार कशातून? आणि पाणी समुद्राच्या लाटेसारखं काढू का?

कुंचला

लाट नको. पाणी खडकातून येतं, तेव्हा आधी भेग काढा. दात्यांच्या जागी तीन खोल खड्डे, त्यांतून निघालेल्या वेड्यावाकड्या चिरा आणि चिरांच्या कडांवर मिठाचा पांढरा थर. इ.स.च्या दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासी पॉसेनिअसने ॲक्रोपोलिसवरच्या इरेक्थिऑन मंदिरातली खाऱ्या पाण्याची विहीर आणि खडकावरची त्रिशुळाची खूण यांची नोंद केली आहे. दक्षिणेचा वारा सुटला की त्या विहिरीतून लाटांचा आवाज येतो, असंही तो लिहितो. एवढा तपशील हाताशी असताना कोरी लाट कशाला?

वैर झाडातून दाखवा. ऑलिव्हचं पान अरुंद, ४ ते १० सेंमी लांब, जोडीजोडीने समोरासमोर येणारं. वरून करडं हिरवं, खालून चंदेरी. जोराचा वारा आला की पानं उलटतात आणि अख्खी फांदी पांढरी पडते. पोसायडनच्या बाजूची पानं अर्ध्याहून जास्त उलटलेली, चंदेरी, एका दिशेला ताणलेली काढा. अथीनाच्या बाजूची शांत आणि गडद. तिचा हात खोडावर ठेवा. म्हणजे भांडण एकाच झाडावर दोन बाजूंनी दिसेल आणि शस्त्रं भिडवायची गरजच राहणार नाही. पानं एकेक काढू नका. आधी झुपक्यांचा सपाट आकार, मग मध्यम छटेचे फटकारे, आणि स्पष्ट पानं फक्त कडेला, ३० ते ४०.

तळरेघ

छटांचं राहिलं होतं. दोघांना सारखी पार्श्वभूमी देऊ नका. अथीना उजळ, तिच्यामागे गडद खडक. पोसायडन गडद, त्याच्यामागे उजळलेले तुषार. काळी दाढी इथे कामाला येते. मुख्य उजेड एकच, वर डावीकडून, उबदार. पोसायडनला खालून पाण्याचा थंड परावर्तित उजेड मिळेल, पण तो मुख्य उजेडापेक्षा निदान दोन पायऱ्या मंद असू द्या. नारिंगी आणि निळा सारख्याच जोरात लावले की नजर पुन्हा भरकटते. सगळ्यात वर शुद्ध करड्या रंगाचा लेअर 'कलर' मोडमध्ये ठेवून दर अर्ध्या तासाने चालू करून बघा. कृष्णधवल झाल्यावरही अथीनाचा हात आणि खोड आधी दिसलं पाहिजे.

पाण्याचा क्रम असा: मोठा सपाट आकार, त्यात गडद गाभा, पातळ कडेला उजेड आरपार जातो तिथे हिरवट छटा, आणि फेस सगळ्यात शेवटी. फेसाने सुरुवात केली की पाणी कापसासारखं दिसतं.

छापखाना

छपाईचं सांगतो. ५० × ७० ला चारही बाजूंनी ३ मिमी कापणी सोडली की ५०.६ × ७०.६ सेंमी होतात. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ५९७६ × ८३३९ पिक्सेल. पूर्ण भरलेला एक लेअर ८ बिटला (दर रंगघटकाच्या नोंदीचं माप) सुमारे २०० एमबी घेतो, १६ बिटला ४००. असे ४० लेअर म्हटल्यावर ब्रश अडखळणारच. मांडणी, छटा आणि मूळ रंग निम्म्या मापावर करा, २९८८ × ४१७०. तिथे लेअर सुमारे ५० एमबीचा पडतो. चेहरे, हात, पानं हे बारीक काम सुरू करायच्या वेळी माप दुप्पट करा. तोवर लेअर सात उरवा: आकाश, खडक, झाड, अथीना, पोसायडन, पाणी, धुकं. एकत्र करण्यापूर्वी जुन्या फाइलची वेगळी प्रत ठेवा.

निळ्याचं कारण ठरलेलं आहे. पडद्यावरचा झगझगीत आरजीबी (लाल, हिरवा, निळा उजेड) निळा छपाईच्या सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) शाईत बसतच नाही. रूपांतरात मॅजेंटा सायनच्या फार जवळ आला की निळा जांभळट होतो, म्हणून मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा, उदाहरणार्थ सायन १००, मॅजेंटा ६०. समुद्र चमकदार दिसावा असं वाटत असेल तर निळा वाढवू नका, शेजारचा खडक मातकट पिवळा आणि मंद करा. क्रिता आणि फोटोशॉप या दोन्ही चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-वाय दाबलं की छपाईतला अंदाज दिसतो. छापणाऱ्याकडून रंगाचं प्रोफाइल (त्याच्या यंत्रावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या आणि रंगकाम सुरू असतानाच तपासत राहा, शेवटी नाही. इंकजेटवर छापणार असाल तर बहुतेक वेळा प्रोफाइल जोडलेली आरजीबी फाइलच मागतात, तेव्हा आधी विचारा.

आणखी दोन गोष्टी. ॲड किंवा कलर डॉज मोडचे (खालचे रंग उजळवणारे) लेअर सीएमवायकेमध्ये वेगळेच दिसतात, म्हणून प्रत काढून, सगळं सपाट करून मगच रूपांतर करा. आणि ८ बिटमध्ये आकाशाच्या चढत्या छटेत पट्टे पडतात. तिथे १ ते २ टक्के नॉइज (बारीक विखुरलेले ठिपके) घाला, म्हणजे ते मोडतात.

रंगपेटी

निम्म्या मापावर काम सुरू केलं, ब्रश आता नीट चालतो. शेवटचा प्रश्न. जळक्या खोडातून नवा कोंब फुटलेला दाखवला तर? त्या झाडाबद्दल असं काहीतरी आहे ना?

कुंचला

आहे, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या ग्रंथात. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्याने ॲक्रोपोलिस जाळलं, त्यात ते झाडही जळालं. दुसऱ्या दिवशी यज्ञासाठी वर गेलेल्या अथेन्सच्या लोकांना बुंध्यातून हातभर, म्हणजे साधारण ४५ सेंमीचा, कोंब फुटलेला दिसला. पण तो प्रसंग इतिहासकाळातला, या भांडणाच्या फार नंतरचा. तुमच्या चित्रात झाड नुकतंच उगवलेलं आहे, तेव्हा खोडावर काजळी आली की प्रसंगांची सरमिसळ होईल. कोंब रंगवायचाच असेल तर त्याच मापाचं दुसरं पोस्टर करा. तोच खडक, त्याच तीन खुणा, खोड काळं पडलेलं, आणि दोन्ही देव चित्राबाहेर.