मंगळावरच्या समुद्रात कोकणी गलबत: कथेचं गणित तपासून हवंय

देवगड_लिहितोय:
दीर्घकथा चालू आहे. इतिहासाचा फाटा असा: फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळलं नाही. वाघोटण खाडीतली गोदी चालूच राहिली, त्याच कारागिरांच्या पुढच्या पिढ्यांनी वाफ आणि मग अग्निबाण हाताळले, आणि १९७१ साली कोकणातली सहा जणांची तुकडी मंगळावर उतरते. हा मंगळ वस्तीचा आहे. उत्तरेच्या सखल भागात समुद्र, काठाला गावं. हवेचा दाब आणि ऊब पृथ्वीसारखी धरली आहे, बाकी ग्रह आहे तसाच. तिथल्या लाकडाचं आपल्या धाटणीचं १२ मीटरचं गलबत बांधून ही मंडळी व्हॅलिस मरिनेरिस या मंगळावरच्या प्रचंड दरीत शिरतात. गलबत तिथे कसं वागेल? भरती, पाऊस, तारखा यांत कुठे घसरेन?

उलांडी:
गलबत पाण्यात किती बसेल याची काळजी नको. गुरुत्व आपल्या ३८ टक्के, पण ते गलबताला आणि पाण्याला सारखंच लागू, त्यामुळे पाणरेषा जागची हलत नाही. घोटाळा वाऱ्याने होतो. हवा तितकीच दाट म्हणजे शिडावरचा रेटा पृथ्वीइतकाच, पण कललेलं गलबत सरळ करणारा जोर ३८ टक्क्यांवर आलेला. इथे ८ अंश कलणारं गलबत त्याच वाऱ्यात तिथे साडेएकवीस अंश कलेल. पहिल्याच फेरीत तुमचा तांडेल सवयीप्रमाणे पूर्ण शीड सोडणार आणि काठावरून पाणी आत येणार. हा प्रसंग कथेत घ्याच.

नुसतं नीरम (तळाशी भरलेलं वजन) वाढवून भागत नाही, गलबत जड होऊन खाली बसतं. शिडाचं क्षेत्रफळ ३८ टक्क्यांवर आणा. वेग त्यामुळे फारसा जात नाही, कारण तिथे वेगाची मर्यादाच खाली आहे. १२ मीटर पाणरेषेच्या गलबताला इथे साधारण ८.४ नॉट मिळतात, तिथे ५.२, त्यापुढे ते स्वतःच्याच लाटेत अडकतं. मोठं शीड ठेवायचंच असेल तर उलांडी (बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेला तरंगता ओंडका) बांधा, तिचा आधार लांबून मिळतो.

डुलणंही संथ होईल, ४ सेकंदांचा हेलकावा साडेसहा सेकंदांचा. मोकळ्या समुद्रात तोच वारा पुरेसा वेळ वाहिला तर लाट अडीचपटीहून उंच उठेल; लांबीही तितकीच वाढते म्हणून ती जास्त उभी नसेल. खलाशांना डोंगर चढून उतरल्यासारखं वाटेल, आपटल्यासारखं नाही.

पाऊणपट:
भरतीचं प्रकरण मुळापासून बदला. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची (अष्टमीला सहाच्या सुमारास) ही आपली रीत तिथे निकामी आहे, कारण आपल्यासारखा चंद्र नाही. फोबॉस आणि डायमॉस हे तिथले दोन चंद्र इतके लहान की फोबॉसची भरती काही मिलिमीटरच भरेल. उरतो सूर्य. त्याची भरती मोकळ्या समुद्रात जेमतेम ५ सेंटिमीटर, निमुळत्या खाडीत तीन-चारपट फुगली तरी वीतभर. दर १२ तास २० मिनिटांनी, रोज घड्याळाच्या त्याच वेळेला. महिन्याचं उधाण नाही, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) कमी भरतीही नाही. फरक पडतो तो वर्षाचा: मंगळ सूर्याजवळ असताना ही भरती लांब असतानाच्या पावणेदोनपट होते.

याचे परिणाम गावांच्या रचनेवर दाखवा. ओहोटीला उघडी पडणारी चिखलण नाही, म्हणून खारफुटीचा पट्टा अरुंद, कालवं-तिसऱ्या वेचणं नाही. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल तर तो कायमचाच अडसर, भरतीची वाट बघून पार होणार नाही. गलबत डागडुजीला भरतीवर चढवून ओहोटीत टेकवता येणार नाही, ओंडक्यांवरून ओढावं लागेल. मात्र १० टनांचं गलबत तिथे ३.८ टनांसारखं लागेल.

फोबॉस मात्र घड्याळ म्हणून वापरा. तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो, आणि एका उगवतीपासून दुसरीपर्यंत सुमारे ११ तास जातात.

पावसाचं सांगायचं तर तुमचा किनारा खरोखरच कोकणासारखा आहे: उत्तरेला सखल समुद्र, दक्षिणेला उंच पठार, मध्ये घाट. दक्षिणेच्या उन्हाळ्यात पठार तापलं की वारे समुद्रावरून ओढले जातील. मंगळ तेव्हा सूर्याजवळ असतो, ऊन लांबच्या काळापेक्षा ४५ टक्के जास्त, म्हणजे पाऊस जोरदार. पण कोरडी हवा तिथे किलोमीटरमागे ३.७ अंशच थंड होते, आपल्याकडे ९.८. सह्याद्रीएवढा हजार मीटरचा घाट तिथे ढग नीट पिळणार नाही, २६०० मीटरचा हवा. ग्रहावर तेवढी चढण सहज मिळते.

गोदीवाला:
तारखांबद्दल. १० ऑगस्ट १९७१ ला मंगळ पृथ्वीसमोर, म्हणजे सूर्याच्या विरुद्ध बाजूला आणि जवळ होता, म्हणून वर्ष चांगलं निवडलंत. खऱ्या इतिहासात मरिनर ९ हे यान ३० मे ला सुटून १४ नोव्हेंबरला पोचलं, तोच मार्ग घ्या. पण विजयदुर्गावरून उडवू नका. पूर्वेला सोडलं तर अग्निबाणाचे जळून सुटलेले टप्पे कोल्हापूरच्या बाजूला पडतील. पश्चिमेला सोडलं तर पृथ्वीच्या फिरण्याचा सेकंदाला ४४५ मीटरचा फायदा जातो आणि तेवढाच उलट भरावा लागतो. अग्निबाण गोदीत बांधा आणि कन्याकुमारीला वळसा घालून समुद्रमार्गे पूर्व किनाऱ्यावर न्या. हे मे उजाडायच्या आत, नाहीतर पावसाळी समुद्र गाठेल. आरमाराला इथेच खरं काम मिळतं.

नोव्हेंबरला पोचाल तेव्हा मंगळावर दक्षिणेचा उन्हाळा, म्हणजे वर सांगितलेला पाऊस ऐन भरात. तो मार्च १९७२ पर्यंत. तेवढ्यात गलबत बांधून घ्या. परतीची वाट १९७३ च्या उन्हाळ्याच्या सुमारास उघडते, त्याआधी कितीही संकट आलं तरी सुटका नाही.

आणखी एक: समुद्र असता तर त्यावर चमकणारं ऊन दुर्बिणीतून कधीच दिसलं असतं. डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने १६५९ मध्येच मंगळावरचा काळा डाग चितारला होता. मंगळावर पाणी आहे ही बातमी तुमच्या पात्रांसाठी जुनी हवी, किनाऱ्याचे नकाशे त्यांच्या हातात हवेत. रहस्य वस्तीचं ठेवा.

देवगड_लिहितोय:
मार्चपर्यंत थांबायचं, म्हणजे गलबत पावसात नांगरून राहील. नांगर धरेल का?

उलांडी:
इथल्या हिशेबाने टाकलात तर नाही. वाऱ्याची ओढ तीच, साखळीचं वजन मात्र ३८ टक्के, त्यामुळे ती लवकर ताठ होते आणि नांगर वर उचलला जातो. साखळी १.६ पट लांब सोडा. नांगर वजनापेक्षा रुतणाऱ्या फाळांवर विसंबणारा घ्या, आणि दुसरा वाऱ्याच्या कोनात टाका. त्याहून बरं म्हणजे पाऊस संपेपर्यंत गलबत ओंडक्यांवरच ठेवा.