क्वालालंपूर : मंडळाच्या डबल्स स्पर्धेसाठी रॅकेट, २५० रिंगिटच्या आत (सल्ला हवा)

सुबांगकरीण
नमस्कार मंडळी. इथल्या मराठी मंडळाची बॅडमिंटन स्पर्धा दीड महिन्यावर आली आहे. महिला डबल्स आणि मिक्स्ड, दोन्हींत नाव दिलंय. सध्याची रॅकेट अ‍ॅल्युमिनियमची, पिशवीत जोडीने मिळते तसली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी, एसी नसलेल्या हॉलमध्ये खेळते. पातळी : सर्व्हिस बरी, क्लिअर (मागच्या लाईनपर्यंत जायला हवा तो उंच फटका) मधल्या कोर्टातच पडतो, स्मॅश म्हणजे देवाची मर्जी. पायात रनिंगचे बूट. खेळून झालं की उजवं कोपर ठणकतं.
बजेट २५० रिंगिट, तार आणि ग्रिप धरून. २५० म्हणजे २५०.
१) रॅकेट कोणती? २) तार किती पाउंडाच्या ताणाला ओढून घेऊ? ३) जानेवारीत मुलाला (वय ८) मलेशिया ओपन दाखवायची आहे. कुठल्या दिवसाचं तिकीट काढू?

स्मॅशवीर_पुचोंग
अ‍ॅस्ट्रॉक्स ८८डी प्रो, योनेक्सची. डोळे झाकून घ्या. सहाशेच्या वर जाईल, पण एकदाच घ्यायची वस्तू आहे. २८ पाउंडाला ओढा, असा आवाज येतो की शेजारच्या कोर्टावरचे वळून बघतात.

सुबांगकरीण
२५०.

घोटा_सांभाळा
रॅकेट नंतर, आधी बूट. रनिंगच्या बुटाची टाच उंच आणि मऊ असते, तो सरळ पळण्यासाठी बनवलेला असतो. बॅडमिंटनमध्ये पाय आडवा टाकून थांबावं लागतं, तेव्हा ती टाच कलते आणि घोटा मुरगळतो. बॅडमिंटनच्या बुटाचा तळवा बसका आणि कच्च्या रबराचा असतो. शिवाय इथल्या बऱ्याच हॉलमध्ये रबरी मॅट असते, काळा डाग पाडणारा तळवा घालून गेलात तर काउंटरवरूनच परत पाठवतील. पंजा रुंद असेल तर ‘वाईड’ माप मागा आणि खेळायचे मोजे घालूनच मापून बघा.

पुणेरी_ड्रॉप
बुटाला +१. रॅकेट भारतातून मागवा, स्वस्त पडते. आणि पिसाचं फूल ७७ स्पीडचं घ्या, आम्ही तेच वापरतो.

तारवाला
कोपराबद्दलचं वाक्य कुणी वाचलंच नाही का? त्या बाईंना २८ पाउंड सांगताय!

क्रमाने घेऊ. रॅकेट पूर्ण ग्रॅफाइटची हवी. मुठीवरच्या कोनवर, म्हणजे दांड्याकडच्या निमुळत्या टोपीवर, बारीक अक्षरांत ‘४यू जी५’ असं काहीतरी छापलेलं असतं. ४यू म्हणजे ८० ते ८४.९ ग्रॅम, ३यू म्हणजे ८५ ते ८९.९. डबल्सला ४यू घ्या, नेटजवळ रॅकेट पटकन वर येते. योनेक्समध्ये जी पुढचा आकडा वाढला की मूठ बारीक होते, त्यामुळे जी५ घेऊन वर ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) चढवता येते. मूठ फार बारीक राहिली तर हात ती आवळून धरतो आणि ताण थेट कोपरात जातो.

समतोल बघायला रॅकेट बोटावर आडवी तोलून धरा. मुठीच्या टोकापासून २८५ ते २९५ मिमीवर तोलली गेली तर मध्यम, ३०० च्या पुढे गेली तर डोकं जड. स्मॅशवीरांची ८८डी त्या जड गटातली. तुम्हाला मध्यम हवी, दांडा लवचिक ते मध्यम. कडक दांडा वाकवायला मनगटाचा वेग लागतो, तो नसेल तर क्लिअर मधल्या कोर्टातच पडतो.

तार बीजी ६५, जाडी ०.७० मिमी. उभ्या तारा २२ पाउंड, आडव्या २४. आडव्या दोन पाउंड जास्त ठेवल्या की फ्रेमचा आकार टिकतो. ताण कमी असला की फूल तारेत जरा बुडून उसळतं, कमी जोरात लांब जातं आणि फटका थोडा मध्याबाहेर लागला तरी चालून जातं. २६-२८ ला चांगला फटका लागेल असा टापूच लहान होतो, बाकी सगळा धक्का हातात येतो.

हिशोब : आपाक्स किंवा फेलेट या इथल्याच मलेशियन कंपन्यांच्या ४यू फ्रेम १३० ते १६० त बसतात. बीजी ६५ मजुरीसकट तिसाच्या आसपास, ओव्हरग्रिपचं तिनाचं पाकीट वेगळं. सगळं २५० च्या आत. इथे बऱ्याच रॅकेट बिनतारेच्या मिळतात आणि दुकानात तार घालून देतात. पॅकेजमध्ये कुठली तार धरली आहे ते आधी विचारा, नाहीतर निनावी तार घालतात.

स्मॅशवीर_पुचोंग
बीजी ६५ म्हणजे दोरखंड. बीजी ६६ अल्टिमॅक्स घाला, ०.६५ मिमी. उसळी आणि आवाज बघा काय येतो!

तारवाला
पातळ तार फ्रेमच्या कडेला फटका बसला की तिथेच तुटते, आणि नवशिक्यांचे फटके कडेलाच बसतात. महिन्यातून दोनदा तार घालायची असेल तर खुशाल ६६ घाला.

केएलचा_काका
४यू, मध्यम समतोल, २२ पाउंड. हेच सांगणार होतो. तार तुटली की लगेच कात्रीने बाकीच्याही कापून टाका, मधून सुरुवात करून उभी-आडवी आळीपाळीने. एका बाजूचा ताण तसाच राहिला तर फ्रेम वाकडी होते. आणि रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. इथल्या उन्हात उभ्या गाडीत तार दोन दिवसांत सैल पडते, मग दुकानदाराच्या नावाने खडे फोडायचे.

मनगट_मोकळं
सगळे पाउंड-पाउंड करताय, ग्रिपचं काय? इथल्या दमटपणात रबरी ग्रिप दहा मिनिटांत माशासारखी निसटते. मूळ ग्रिप काढून टाका, लाकडी मुठीवर पातळ अंडररॅप, त्यावर ओव्हरग्रिप. खालच्या टोकापासून सुरू करून प्रत्येक वेढा आधीच्यावर दोन-तीन मिमी चढवत, जरा ताणून गुंडाळा. घाम फार येत असेल तर टॉवेल ग्रिप, पण ती जाड होते आणि लवकर कुबट वास मारते.

पुणेरी_ड्रॉप
फुलाच्या स्पीडबद्दल कुणीच बोललं नाही. ७७ च घ्या.

केएलचा_काका
पुण्यातला आकडा इथे सांगून उपयोग नाही हो. हवा गरम आणि विरळ असेल तर फूल जास्त पळतं, म्हणून तिथे धिमं म्हणजे लहान आकड्याचं फूल लागतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, क्वालालंपूर त्याच्या बरंच खाली, पण एसी नसलेल्या हॉलमध्ये रात्रीही तिशीच्या आसपास तापमान. इथे ७५ किंवा ७६ चालतं, एसी हॉल असेल तर ७६-७७.
वाद घालण्यापेक्षा तपासा. मागच्या लाईनवर उभं राहून खालून पूर्ण जोर लावून वर मारायचं. समोरच्या मागच्या लाईनच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर बरोबर. पलीकडे गेलं तर वेगवान, फार अलीकडे पडलं तर धिमं. सरावाला नायलॉनचं मॅव्हिस ३५० घेतलंत तर हिरव्या पट्टीचं घ्या, ते गरम हवेसाठी असतं. दुकानात निळं पुढे करतात, ते मध्यम.

पुणेरी_ड्रॉप
पुण्यात ७७ व्यवस्थित चालतं. एवढंच सांगतो.

शेवटची_ट्रेन
तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी फिरकलंच नाही. मंगळवार किंवा बुधवार. मलेशिया ओपन मंगळवार ते रविवार असते आणि पहिली फेरी या दोन दिवसांत होते. एकाच वेळी अनेक कोर्टांवर सामने चालू असतात, त्यामुळे आठ वर्षांचं पोर एका कोर्टाला कंटाळलं तरी दुसरीकडे बघतं. तिकीट स्वस्त, खालच्या रांगा मिळण्याची शक्यता जास्त. २०२३ पासून स्पर्धा सुपर १००० दर्जाची आहे, म्हणजे बडे खेळाडू पहिल्या फेरीपासूनच असतात. रविवारी एकच कोर्ट, आणि मलेशियाची जोडी फायनलला असेल तर तिकीट विसरा.

आत एसी कडाक्याचा, मुलाला स्वेटर घ्या. फ्लॅश मारून फोटो काढू देत नाहीत. टाळ्यांचे फुगवलेले दांडके मिळाले तर एकच द्या, दोन दिलेत तर पुढच्या रांगेतल्या माणसाचं डोकं तबला होईल.

घोटा_सांभाळा
अ‍ॅक्सियाटा अरीना (आता नाव युनिफाय अरीना), बुकित जलील. मस्जिद जामेकला जाऊन श्री पेतालिंग लाईन पकडायची.

शेवटची_ट्रेन
सुबांगहून मस्जिद जामेकपर्यंत कशाला जायचं? सुबांग जायाहून केलाना जाया लाईनने उलट दिशेला पुत्रा हाइट्स, तिथे श्री पेतालिंग लाईन बदलून थेट बुकित जलील. शहरात शिरायची गरजच नाही. टच अँड गो कार्डात परतीचे पैसे आधीच भरून ठेवा. पहिल्या फेरीचे सामने रात्री लांबतात, शेवटच्या गाडीची वेळ बघून मगच ‘अजून एक गेम’ म्हणा.

सातारचा_सात्विक
आपली भारताची डबल्स जोडी सात्विक-चिराग असतील त्या दिवशी जा. चिराग आपला मुंबईचा. २०२४ ला याच कोर्टावर फायनलपर्यंत गेले होते.

केएलचा_काका
आणि चीनच्या लियांग-वांगकडून हरले. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकला मलेशियाच्या आरोन चिया आणि सोह वूई यिकने उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवलं, तेही सांगा.

सातारचा_सात्विक
आणि २०२३ ची इंडोनेशिया ओपनची फायनल? तिथे आरोन-सोहला कुणी हरवलं?

केएलचा_काका
पहिला थॉमस कप, पुरुषांचा सांघिक, १९४९ ला कुणी जिंकला? मलायाने, म्हणजे तेव्हाच्या मलेशियाने. विषय संपला.

मनगट_मोकळं
धागा हायजॅक करू नका. अवांतर मीही करतेच : मंडळाच्या स्पर्धेत सर्व्हिसचा कुठला नियम लावणार? १.१५ मीटरचा की कंबरेचा?

तारवाला
२०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियम असा की फटका लागताना संपूर्ण फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. मोजायला उभं मापक लागतं, ते मंडळाकडे नसणार. मग जुना कंबरेचा नियम चालतो, म्हणजे शेवटच्या बरगडीच्या खाली. आयोजकांना आधी विचारून घ्या, नाहीतर उंच माणसं आणि बुटकी माणसं पहिल्याच सामन्यात भांडतील.

केएलचा_काका
सर्व्हिसवरून भांडायची इथे परंपराच आहे. मलेशियाच्या सिदेक बंधूंची ‘एस’ सर्व्हिस ऐंशीच्या दशकात बंदच करावी लागली होती. पिसांकडून फूल कापायचे, समोरच्याला ते कुठे वळणार कळायचं नाही. त्याच घरातल्या रझीफ आणि जलानीने १९९२ ला बार्सिलोनात मलेशियाचं पहिलं ऑलिंपिक पदक आणलं.

स्वस्त_आणि_मस्त
एवढे पैसे घालवता कशाला? पर्यटकांच्या बाजारात ८८डी ऐंशीला मिळते, अगदी हुबेहूब.

तारवाला
हुबेहूबच असते, २४ पाउंड ओढेपर्यंत. नकली फ्रेम मशीनवरच चिरते आणि दुकानदार हात वर करतो. योनेक्स घेत असाल तर कोनवरच्या कोडमध्ये ‘एसपी’ बघा, तो या भागासाठी अधिकृतपणे आलेल्या मालाचा. पण नुसता कोड बघून निर्धास्त होऊ नका, नकलीवालेही तो छापतात. रंगाच्या कडा, ग्रोमेटची फिटिंग, वजनकाट्यावरचं वजन, सगळं बघा.
जुनी रॅकेट घेत असाल तर : घड्याळाच्या १० आणि २ च्या जागी फ्रेमवरून नख फिरवा, भेग असेल तर अडकतं. दांडा जिथे डोक्याला मिळतो तो जोड उजेडात बघा. ग्रोमेट म्हणजे भोकांतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या, फुटल्या असतील तर तार ग्रॅफाइटवर घासून तुटते.

घोटा_सांभाळा
बूट घेतले का?

सुबांगकरीण
सगळ्यांचे आभार. निर्णय झाला.
ऑफिसातल्या सहकारणीकडून जुनी आर्कसेबर ११ घेतली, १५० ला. ३यू आहे. तार २६ पाउंडाला ओढलेली आहे, ती तशीच ठेवणार, आवाज छान येतो. १० आणि २ वर नख फिरवलं, अडकलं नाही, रंग तेवढा उडालाय. दोन ग्रोमेट फुटलेले दिसले. बूट सध्या तेच. उरलेल्या पैशांत मंगळवारची दोन तिकिटं काढणार. मुलगा म्हणतोय सात्विक-चिराग नसले तरी चालेल, दांडके दोन हवेत.

स्मॅशवीर_पुचोंग
२६! शाब्बास!

तारवाला
३यू, २६ पाउंड आणि दुखरं कोपर. बरं. ते दोन ग्रोमेट मात्र बदला, नाहीतर तार तिथेच जाणार.

सुबांगकरीण
बदलते. शनिवारी दुकानात नेते. किती वेळ लागतो?

तारवाला
दोन मिनिटं. पण तार काढल्याशिवाय ग्रोमेट बदलता येत नाहीत. म्हणजे तार नवी घालावीच लागणार. २२ सांगा.

सुबांगकरीण
२४?

तारवाला
२३. आडव्या २५.

स्मॅशवीर_पुचोंग
२८.