भूतान: थिम्फू, पुनाखा, पारो (अनुभव धागा)

डोंगरवाट:
कपाट आवरताना नुलट्रमची (भूतानचं चलन) एक नोट सापडली आणि सगळा भूतान डोळ्यांपुढे आला. दिवाळीनंतर निघणारे इथे बरेच दिसतात, म्हणून हा धागा.

माझं सांगणं एकच, गावांचा क्रम उंची बघून लावा. सीमेवरचं फुंटशोलिंग जेमतेम 300 मीटरवर, थिम्फू 2,300च्या वर, पुनाखा 1,200, पारो 2,200. याच क्रमाने जा. पारोचा तक्त्सांग मठ 3,120 मीटरवर आहे आणि जाऊन-येऊन पाच-सहा तास लागतात. पहिल्या दोन दिवसांत तो उरकायला गेलं की धाप लागते, डोकं धरतं. विमानाने थेट पारोला उतरलात तरी तक्त्सांग शेवटीच ठेवा. तुम्हीही लिहा.

सई_ठाणे:
आधार चालत नाही!! पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत. मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला. शाश्वत विकास शुल्क भारतीयांना माणशी रात्रीला 1,200, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. चार मोठ्यांचं पाच रात्रींचं 24,000 होतं, हॉटेल वेगळं. बजेट करताना हेच विसरतात.

घाटमाथा:
रेल्वेने हासिमारा, तिथून आपल्या हद्दीतलं जयगाव 18-20 किमी. सीमेवरची कमान ओलांडली की फुंटशोलिंग. थिम्फूपर्यंत पाच तास धरा. गेदूच्या आसपास धुकं दाट असतं आणि वळणं संपतच नाहीत, गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. स्वतःची गाडी नेऊ नका, तिचं दिवसाचं शुल्कच 4,500 आहे.

मृण्मयी:
घड्याळ अर्धा तास पुढे! फुंटशोलिंगला फोन जयगावचं नेटवर्क पकडून आपली वेळ दाखवतो. ड्रायव्हर आठला म्हणाला तर आपले साडेसात.

पुनाखाप्रेमी:
पुनाखाला कृपा करून मुक्काम करा. थिम्फूहून धावती भेट देणारे झोंगसमोर (किल्लेवजा मठ) फोटो काढून परत फिरतात, फार वाईट वाटतं. 1637-38 मध्ये बांधलेला, फो छू आणि मो छू (पिता आणि माता) नद्यांच्या संगमावर. 1994च्या हिमसरोवराच्या पुराचा तडाखाही सोसलाय त्याने. पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट हवी, आत टोपी काढायची.

थिम्फूहून येताना वाटेत 3,100 मीटरवर दोचुला खिंड, तिथे 108 छोर्तेन (स्तूप). हिमशिखरं बघायची तर सकाळी लवकर पोचा, नंतर ढग चढतात.

सई_ठाणे:
@डोंगरवाट सासूबाईंचे गुडघे दुखतात. तक्त्सांगला घोडा मिळतो ना?

डोंगरवाट:
मिळतो, पण अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच. पुढे चालायचं, आणि शेवटच्या शेकडो पायऱ्या स्वतःच उतरायच्या आणि चढायच्या. शिवाय परतीला, उताराला घोडा देत नाहीत, आणि गुडघे उतारालाच बोलतात. त्यांना कॅफेटेरियापर्यंतच न्या, समोरच्या कड्यावर मठ छान दिसतो. काठी पायथ्याशी मिळते. तिकीटही तिथेच घ्या, वर मिळत नाही. फोन-कॅमेरा मठाबाहेर लॉकरमध्ये.

सई_ठाणे:
बरं झालं विचारलं 🙏 त्यांना हेच वाचून दाखवते.

चकली:
शाकाहारींनी काय खायचं? घाईत लिहितेय, कुकर लावलाय

मृण्मयी:
एमा दात्शी म्हणजे मिरचीची भाजी, चीजमध्ये. मिरची तिथे मसाला नाही, भाजीच आहे, त्यामुळे 'कमी तिखट' सांगून फार फरक पडत नाही. मुलांसाठी केवा दात्शी (बटाटा) किंवा शामू दात्शी (अळंबी) मागवा, सोबत लाल तांदळाचा भात. सुजा हा लोणी घातलेला खारट चहा, गोड समजून पिऊ नका.

चकली:
मग शेंगदाण्याची चटणी नेतेच, दह्यात कालवून होईल

घाटमाथा:
आणि उरलेले नुलट्रम फुंटशोलिंगलाच संपवा. रुपयाशी एकास एक असला तरी जयगावच्या पुढे कुणी घेत नाही.