फुटपाथवर पोपट, पिल्लं, ससे विकायला: तक्रार नेमकी कोणत्या कायद्याखाली?

पेठकर:
आमच्याकडे दर रविवारी फुटपाथवर पिंजरे लागतात. कुत्र्याची पिल्लं, ससे, लव्हबर्ड, आणि कापडाखाली झाकलेले हिरवे पोपट. पोलीस चौकीत 'एनसी (अदखलपात्र नोंद) होईल' एवढंच सांगतात. या सगळ्याला मिळून एखादा कायदा आहे का? आठवडी बाजारातल्या गुराढोरांनाही तोच लागतो का?

रानवाटा:
एकच कायदा नाही, आणि बहुतेक तक्रारी इथेच फसतात. आधी पिंजऱ्यात काय आहे ते ओळखा. गळ्याला काळा-गुलाबी पट्टा असलेला हिरवा पोपट, पहाडी पोपट, मुनिया, स्टार कासव हे आपले वन्यजीव. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली त्यांची विक्री आणि खरेदी, दोन्ही गुन्हा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नव्या अनुसूचींत (संरक्षित प्राण्यांच्या याद्यांत) हिरवा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे.

'पिंजऱ्यातच जन्मलाय' हे विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर. ते चालत नाही, कारण कलम 2 च्या व्याख्येत बंदिवासात पैदास झालेला प्राणीही येतो. मुनियांना रंग लावून 'परदेशी' म्हणून खपवतात, तेव्हा चोच आणि पिसांची मुळं नीट बघा. फोन वनविभागाच्या 1926 वर करा. कलम 50 खाली फौजदार आणि त्यावरचे पोलीस अधिकारीही झडती-जप्ती करू शकतात.

कृपा करून दयेपोटी विकत घेऊन सोडू नका. तुमच्याच पैशांतून पुढची खेप येते, आणि पंख छाटलेलं पाखरू त्याच संध्याकाळी मांजराच्या तोंडी जातं.

कलम_अकरा:
पिल्लं आणि सशांना 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा लागतो. हालचाल करता येणार नाही एवढा लहान पिंजरा म्हणजे कलम 11(1)(ई). उपाशी, तहानलेला किंवा दाटीत कोंबलेला प्राणी विकायला ठेवला तर 11(1)(के). पोलीस एनसी म्हणतात ते चूक नाही: कलम 11 मधली फक्त एल, एन, ओ ही पोटकलमं दखलपात्र आहेत, म्हणजे त्यांतच पोलीस स्वतःहून कारवाई करू शकतात. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. हा जुना आकडा आजही तसाच आहे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

म्हणून दंडावर भर न देता जप्ती मागा. कलम 34 प्रमाणे शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी प्राणी ताब्यात घेऊन दंडाधिकारी किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीला नेऊ शकतो. अर्जात हे कलम आकड्यासकट लिहा. खटला चालू असताना प्राणी पांजरपोळ किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवण्यासाठी 2017 चे वेगळे नियम आहेत.

दुसरा, जास्त उपयोगी मार्ग म्हणजे पेट शॉप नियम, 2018. त्यातल्या 'दुकाना'च्या व्याख्येत आठवडी बाजारातली जागाही येते. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे 5,000 रुपये भरून नोंदणी करावी लागते, ती 5 वर्षं चालते. तारीख, वेळ आणि फोटो जोडून मंडळाला लेखी विचारा: या जागेची नोंदणी आहे का?

गोठा_ते_दवाखाना:
वरच्यात एक भर. 8 आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि वय दातांवरून कळतं. 8 आठवड्यांपर्यंत दुधाचे सगळे 28 दात आलेले असतात. मागच्या दाढाच नसतील तर पशुवैद्याकडून तसा लेखी दाखला घ्या. फुटपाथवरची बरीच पिल्लं आईपासून लवकर तोडलेली आणि लस न दिलेली असतात. त्यात उघड्यावरची गर्दी, म्हणजे पार्व्होला (पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराला) आमंत्रणच.

गुरांचं वेगळं. राज्यात गाय, वळू, बैल कत्तलीसाठी विकायला 2015 पासून बंदी आहे. 1 जून 2024 पासून कानात 12 अंकी बिल्ला नसलेलं जनावर बाजारात विकता येत नाही. पशुबाजाराच्या 2017 च्या केंद्रीय नियमांचा हवाला अर्जात देऊ नका. त्यांना सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2017 मध्ये स्थगिती दिली होती.

पेठकर:
आभार. लव्हबर्डचं काय?

रानवाटा:
परदेशी पक्षी, म्हणून हिरव्या पोपटासारखी सरसकट विक्रीबंदी त्यांना नाही. त्यांच्यासाठी पेट शॉप नोंदणी आणि पिंजऱ्याचं कलम, हेच दोन मुद्दे धरा. पोपटांसाठी वेगळा अर्ज करा. दोन्ही एकाच कागदावर लिहिलंत तर वनविभाग आणि मंडळ एकमेकांकडे बोट दाखवतील.