एआयनं बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहून दिलं, हिशेब जुळेना. आता मुळापासून शिकू का?

टॉवेल_बिल
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यासाठी ठोक विक्रीचं बिल आणि मालाची शिल्लक, एवढंच सॉफ्टवेअर आहे. पायथॉन भाषा, फ्लास्क (वेबसाठीची चौकट), एसक्यूलाइट (एका फाइलमधला डेटाबेस). दोन काउंटर, सर्व्हर क्लाउडवर. स्क्रीनवर दिसतं आणि छापून येतं त्यात कधीकधी १ पैशाचा फरक पडतो. गोदाम रिकामं असताना शिल्लक २० डझन दाखवतं. पहाटे गाडी भरताना काढलेली बिलं आदल्या तारखेला जातात. एआयला सांगितलं की एक जागा नीट होते, दुसरी बिघडते. बीसीए दुसऱ्या वर्षापर्यंतचं येतं. एआय बाजूला ठेवू का?

धोटा
बाजूला कशाला? पण या तिन्ही गोष्टी तुम्ही ठरवायच्या होत्या, त्या एआयनं परस्पर ठरवल्यात.

आधी पैसा. हैदराबादच्या पार्टीला ३३३.३० रुपयांचा माल गेला आणि कर ५ टक्के धरला, तर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी) १६.६६५ रुपये, म्हणजे १६६६.५ पैसे. हा अर्धा पैसा कुठं जातो बघा. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचं मॅथ-राउंड तो वर नेतं: १६६७. सर्व्हरवरच्या पायथॉनचं राउंड बरोबर अर्ध्यावर सम आकड्याकडं जातं: १६६६. स्क्रीन एकाचं ऐकते, छपाई दुसऱ्याचं. तीच विक्री महाराष्ट्रात असेल तर कर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी असा अर्धा-अर्धा, प्रत्येकी ८३३.२५ पैसे, दोन्ही खाली ८३३, बेरीज १६६६. म्हणजे आधी तोडून गोल करायचं की आधी गोल करून तोडायचं, हेही तुम्हीच ठरवायचं. रक्कम पूर्णांक पैशात साठवा, फ्लोटमध्ये नको, त्यात दशांश आकडे अंदाजे साठतात (०.१ + ०.२ टाकून बघा, ०.३ ऐवजी लांबलचक आकडा येतो, शेवटी ४). कर फक्त सर्व्हरवर काढा, डेसिमल लायब्ररीत राउंड-हाफ-अप (अर्धा असेल तर वर) स्पष्ट लिहून. ब्राउझरनं नुसतं दाखवायचं.

शिल्लक: दोन्ही काउंटरनी एकाच वेळी ४० डझन वाचलं. एकानं ३० विकून १० लिहिलं, दुसऱ्यानं २० विकून २० लिहिलं. शेवटचं लिहिलेलं टिकलं. विकलं ५०, माल होता ४०. वाचा, पायथॉनमध्ये वजा करा, परत लिहा, हा क्रमच चुकीचा. वजाबाकी डेटाबेसच्या अपडेट आदेशाच्या आतच करा आणि त्याच्या व्हेअर भागात ‘शिल्लक मागणीइतकी किंवा जास्त’ ही अट घाला. किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य आलं तर ‘माल नाही’. बिलाची नोंद आणि ही वजाबाकी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही) हवी, नाहीतर मध्येच वीज गेली की बिल आहे आणि माल कमी झालेला नाही.

तारीख: सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ), आपण साडेपाच तास पुढं. रात्री १२ ते पहाटे ५.३० मधलं प्रत्येक बिल मागच्या दिवशी पडणार. १ एप्रिलला तर आर्थिक वर्षच चुकेल. वेळ यूटीसीत ठेवा, बिलाची तारीख आशिया/कोलकाता धरून काढा आणि वेगळ्या कॉलममध्ये साठवा.

कांडी_भरा
वरचं पटलं. एकच जोडतो: टेस्टचे, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायचे, आकडे एआयकडून घेऊ नका. तो बऱ्याचदा कोड चालवून जे उत्तर येतं तेच ‘अपेक्षित’ म्हणून लिहितो, मग चुकीवरच शिक्का बसतो. कॅल्क्युलेटरवर दहा बिलं स्वतः काढा: राज्यातलं, बाहेरचं, सवलतीचं, परत आलेल्या मालाचं, अर्ध्या पैशावर अडकणारं. हे आकडे तुमचे, बाकीचा टेस्टचा कोड त्यानं लिहावा.

एका वेळी ४०-५० ओळींपेक्षा जास्त घेऊ नका. उत्तर काय येईल ते चालवायच्या आधी सांगता येत नसेल तर ती ओळ ठेवू नका. प्रत्येक बदलाला गिट कमिट (कोडच्या त्या अवस्थेची नोंद), म्हणजे दुसरीकडं काय बदललं ते डिफमध्ये, जुन्या-नव्या ओळींच्या तुलनेत, लगेच दिसतं. आणि त्यानं सुचवलेलं पॅकेज (दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड) पिपनं, म्हणजे पायथॉनच्या इन्स्टॉलरनं, टाकण्याआधी ते खरंच आहे का, कुणाचं आहे ते बघा. नावं बिनधास्त बनवतो तो.

ओटी_बाहेरचा
मी थोडा वेगळा. डेटाबेसपुरता तरी महिनाभर एआय बंदच करा की. टेबलं कागदावर काढा, जॉइन (दोन टेबलं जोडणं) आणि ट्रान्झॅक्शन हातानं लिहा. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्यात खरंच आहे का ही तपासणी) मुळात बंद असते, प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा या सेटिंगच्या आदेशानं चालू करावी लागते. मूळ माहीत नसेल तर हे विचारायचंच सुचत नाही.

टॉवेल_बिल
समजलं. पण जुन्या बिलांचं काय करू? स्क्रिप्टनं सगळी परत मोजू?

धोटा
अजिबात नको ओ. पार्टीच्या हातात गेलेलं बिल तसंच राहू द्या, दुरुस्ती लागली तर तुमच्या सीएला विचारून क्रेडिट किंवा डेबिट नोट. शिल्लक मात्र गोदामात मोजा आणि फरक ‘जुळवणी’ म्हणून तारखेसह नवीन नोंदीत टाका. जुना आकडा खोडून नवा लिहू नका, नाहीतर २० डझन कुठं गेले ते पुढं कुणालाच सापडणार नाही. या सगळ्याआधी बॅकअप. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका, अर्धवट लिहिलेली उचलली जाऊ शकते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड वापरा आणि ती प्रत उघडून एकदा बिलं मोजून बघा.